धूर जाळणारी चूल : म्हैसूरच्या हंड्याचा अभ्यास

म्हैसूरच्या जुन्या वस्तीतील कौलारू घरांत स्नानगृहाच्या एका कोपऱ्यात मातीविटांचे एक चुलवण बांधलेले असे आणि त्यात तांब्याचा मोठा हंडा गळ्यापर्यंत कायमचा बसविलेला असे. कन्नड भाषेत स्नानगृहाला ‘बच्चलुमने’ म्हणतात आणि हंड्याला ‘हंडे’च म्हणतात. नारळाच्या झावळ्या, सोडणे, करवंट्या, बागेतील वाळक्या फांद्या हे त्याचे सरपण. नरकचतुर्दशीच्या आदल्या सायंकाळी हा हंडा घासूनपुसून, रंगरेषांनी सजवून पाण्याने भरावयाचा, हा तर तेथे एक सणच आहे. ‘नीर तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण, असे त्याचे नाव. महाराष्ट्रातील वाचकांना या हंड्याच्या जागी आपला बंब आठवेल. शहरात आज विजेच्या व सौर उष्णजलयंत्रांनी हंड्याची जागा बऱ्याच अंशी घेतली असली, तरी आसपासच्या खेड्यांत आणि नारळाच्या बागा असलेल्या घरांत तो अद्याप तापतो.

तो तापतो खरा, परंतु कसा? बुडावर काजळीचा जाड थर, भिंती काळ्या, पहाटे चूल पेटविणाऱ्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आणि हाताशी फुंकणी. सरपणाचा मोठा भाग पाण्याला न तापविता वाया जातो आणि जो वाया जातो तोच डोळ्यांत व फुप्फुसांत शिरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील चुलींच्या व दिव्यांच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष लोक अकाली मृत्यू पावले. तेव्हा हंड्याखालील जाळ हा केवळ काटकसरीचा विषय नव्हे.

प्रथम धूर म्हणजे काय ते पाहू. लाकूड जळते असे आपण म्हणतो; वास्तविक ते सरळ जळत नाही. ते तापले म्हणजे आधी त्यातील पाणी निघून जाते आणि नंतर त्याचे विघटन होऊन वायू व डांबरी बाष्पे बाहेर पडतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अशा प्रकारे वायुरूप होतो आणि उरतो तो कोळसा. आपणास दिसणारी ज्वाला ही या वायूंची ज्वाला होय. ते वायू पेटले तर उष्णता मिळते, न पेटता निवाले तर धूर होतो. म्हणजे धूर हे न वापरलेले सरपण आहे. जुन्या म्हैसूर संस्थानाला हे चांगले ठाऊक होते. भद्रावती येथे १९२३ साली सुरू झालेल्या लोखंडाच्या कारखान्यात झोतभट्टीसाठी लाकडाचा कोळसा लागे; तो करताना बंद पात्रांतून निघणारा धूर थंड करून त्यातील उपयुक्त रसायने वेगळी काढण्याची योजना त्या कारखान्याला जोडलेली होती. जो पदार्थ तेथे पिंपात भरला जाई तोच आपल्या घरी छपराच्या वाशांवर बसतो.

हा धूर पेटावा यासाठी तीन गोष्टी लागतात. सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान, हवेशी नीट मिसळण, आणि त्या तप्त अवस्थेत काही क्षण राहण्यास अवकाश. या तिन्हींतील एक जरी कमी पडली तरी ज्वलन अपुरे राहते. हंड्यातील पाणी उघडे असल्यामुळे १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून हंड्याचे बूडही फारसे त्यापलीकडे तापत नाही. अशा थंड बुडाला ज्वाला भिडली की ती जागच्या जागी विझते. शाळेत हा प्रयोग सहज करता येईल. जळत्या मेणबत्तीच्या ज्वालेत स्टीलचा थंड चमचा धरावा. क्षणात त्यावर काजळी धरते. चमचा ज्वालेच्या टोकावर बोटभर उंच धरला तर तो तापतो, पण काळा जवळजवळ होत नाही. पहिल्या वेळी आपण ज्वाला अर्ध्यावर तोडली, दुसऱ्या वेळी तिला तिचे काम पुरे करू दिले. सुधारलेल्या चुलींचे शास्त्र या चमच्याच्या दोन जागांमध्ये सामावलेले आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

भारतात या विषयाचा विचार बराच जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतून निघालेली ‘मगन चूल’ अनेकांना नावाने तरी माहीत असते. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरांविषयी १९५३ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. या चुलींनी धूर धुरांड्यावाटे बाहेर नेला, हे त्यांचे मोठे उपकार. परंतु धूर बाहेर नेणे निराळे आणि तो जाळून टाकणे निराळे. पुढे म्हैसूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, १९७४ साली प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रविद्या राबविणारे ‘अस्त्र’ नावाचे केंद्र सुरू झाले. तुमकूर जिल्ह्यातील उंग्रा व पुरा या खेड्यांत या मंडळींनी प्रत्यक्ष चुलींपाशी बसून मोजमाप केले. घरात किती सरपण येते, ते कोण आणते, किती वेळ जळते आणि त्यातील किती उष्णता भांड्यात उतरते, हे त्यांनी आकड्यांत मांडले. त्यातून तीन भांड्यांची, जाळीवर सरपण जळणारी, धुरांड्याची ‘अस्त्र ओले’ तयार झाली. (कन्नड भाषेत ‘ओले’ म्हणजे चूल. मराठी वाचकाने येथे ओल्या लाकडाची कल्पना करू नये. तिच्याइतके त्या चुलीला नावडते दुसरे काही नाही.) उघड्या तीन दगडांच्या चुलीत सरपणाच्या उष्णतेचा साधारणतः दहा ते पंधरा टक्के भाग भांड्यात उतरतो, या चुलीने प्रयोगशाळेत चाळीस टक्क्यांची मर्यादा ओलांडली. कर्नाटकात ती लाखोंच्या संख्येने बांधली गेली.

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला एक बोधप्रद फजिती घडत होती. १९७६च्या भूकंपानंतर ग्वाटेमालात ‘लोरेना’ नावाची चूल प्रसृत झाली. स्पॅनिश भाषेत ‘लोदो’ म्हणजे चिखल आणि ‘अरेना’ म्हणजे वाळू. या दोहोंच्या भरीव ठोकळ्यात कोरलेली ती चूल दिसण्यास देखणी होती. माती उष्णता अडविते, तेव्हा जाड मातीची चूल सरपण वाचवील, अशी समजूत होती. अमेरिकेतील अप्रोवेचो संस्थेच्या लोकांनी मोजून पाहिले तेव्हा उलटेच आढळले. भरीव माती उष्णता अडवीत नाही, ती पिते. स्वयंपाक होईपर्यंत बरीचशी उष्णता ठोकळ्यातच मुरे. तेथील लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात यावर उपाय शोधला. जाळाभोवती भरीव माती नको, हलकी, सच्छिद्र, उष्णतारोधक वस्तू हवी. जाळासाठी काटकोनात वळलेली एक अरुंद वाट व तिच्यावर उभी नळी हवी. आणि भांडे नळीच्या तोंडाशी, ज्वाला पुरी झाल्यावर यावे. चांगली पेटली म्हणजे या नळीतून झोताचा घुमणारा आवाज येतो, म्हणून तिला रॉकेट चूल म्हणू लागले.

लोरेनाच्या प्रसारात भाग घेतलेले इयांटो इव्हान्स यांनी पुढे या नळीला एक शेपूट जोडले. उभ्या नळीवर लोखंडी पिंप पालथे घालावयाचे, त्यातून खाली उतरणारे तप्त वायू मातीच्या लांबलचक ओट्यातून फिरवून मग बाहेर सोडावयाचे. ओटा दिवसभर तापून रात्रभर ऊब देतो. जी भरीव माती जाळाभोवती असताना चोर ठरली होती, तीच जाळाच्या पुढे ठेवताच भांडार ठरली. कोरियातील तापविलेल्या जमिनी, उत्तर चीनमधील मातीचे पलंग, काश्मिरातील हमामाची दगडी फरशी यांत हे तत्त्व शतकानुशतके चालत आले आहे. नवीन आहे ते आधी पूर्ण जाळून मग उष्णता साठविण्याचे.

आता म्हैसूरकडे वळू. समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचीवरील या शहरात थंडीतही पहाटेचा पारा सामान्यतः १५ अंशांच्या आसपास असतो. तेथे खोली रात्रभर तापवावी अशी गरज कोणालाही नाही. म्हणून परदेशी ओट्याची हुबेहूब नक्कल करणे हा वेडेपणा होईल. परंतु येथे एक उत्तम उष्णताभांडार प्रत्येक जुन्या घरात आधीच आहे, आणि ते म्हणजे हंडा. एक किलो माती एक अंशाने तापण्यास सुमारे पाव किलोकॅलरीहूनही कमी उष्णता पुरते. एक किलो पाण्याला पुरी एक लागते. ६० लिटर पाणी २२ अंशांवरून ५७ अंशांवर नेले तर त्यात २,१०० किलोकॅलरी साठतात. तेवढ्याच तापमानवाढीत इतकी उष्णता साठविण्यास जवळजवळ तीनशे किलो मातीचा ओटा लागेल. तेव्हा म्हैसूरच्या घरात करावयाचे ते इतकेच की हंडा ठेवावा आणि त्याखालचे चुलवण बदलावे.

हे चुलवण घरी बांधता येते. प्रथम मात्र ते अंगणात, मातीगारा न लावता, नुसत्या विटा रचून करून पाहावे; चुकलेली वीट हलविणे सोपे, वाळलेले बांधकाम फोडणे कठीण. जाळाची आडवी वाट १२ सेंटिमीटर रुंद व तेवढीच उंच धरू. तिच्या टोकाशी त्याच मापाची उभी नळी सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीची करावी. सरपणाच्या तोंडाशी तळापासून तिसऱ्या हिश्श्यावर एक लोखंडी पट्टी आडवी बसवावी. लाकडे पट्टीवर, हवा पट्टीखालून. हवा खालून निखाऱ्यांतून जावी आणि तापून ज्वालेला मिळावी, हा हेतू. नळीच्या विटांच्या आतील अंगाला भाताच्या तुसाची राख व थोडी चिकण माती यांचे दोन-तीन बोटे जाड अस्तर द्यावे आणि अस्तरासह उरलेली मोकळी जागा १२ सेंटिमीटर भरेल असे पाहावे. मंड्या व म्हैसूर या जिल्ह्यांत भाताच्या गिरण्या पुष्कळ, तेव्हा राखेची वाण नाही. मातीचा अंश राख एकत्र धरून राहील इतकाच असावा. मजबुतीच्या मोहाने माती वाढविली की लोरेनाची फजिती पुन्हा घडते.

हंडा नळीवर टेकवावयाचा नाही. तेथे किती अंतर ठेवावे हे अंदाजाने नव्हे, गणिताने ठरते. वायूंना नळीत जेवढे छेदक्षेत्र मिळते तेवढेच पुढे सर्वत्र मिळाले पाहिजे. नळीचे छेदक्षेत्र १२ गुणिले १२, म्हणजे १४४ चौरस सेंटिमीटर. नळीच्या कडेची परिमिती ४८ सेंटिमीटर. १४४ भागिले ४८, म्हणजे हंड्याचे बूड कडेपासून ३ सेंटिमीटर वर हवे. पुढे वायू हंड्याच्या पोटावरून वर चढतात. हंड्याचा व्यास ५० सेंटिमीटर असेल तर परीघ सुमारे १५७ सेंटिमीटर, आणि भोवतालच्या भिंतीशी फट जेमतेम १ सेंटिमीटर येते. घर्षण व काजळी लक्षात घेऊन ती दीड सेंटिमीटर धरावी, बुडाखालचे अंतरही आरंभी ४ सेंटिमीटर ठेवावे. ही अरुंद फट पाहून गवंडी हसेल. जुन्या चुलवणात हात घालता येईल एवढी जागा सोडलेली असते. तेथून तप्त वायू हंड्याला न शिवताच निघून जातात. हंड्याच्या गळ्याशी मातीने फट बंद करावी आणि मागील बाजूने वायू धुरांड्यात न्यावेत.

धुरांडे कशासाठी, असा प्रश्न येईल. धूर जळून गेला ना? त्याचे उत्तर ओढीत आहे. गरम हवा हलकी असते, आणि नळीतील हलक्या हवेच्या व बाहेरच्या जड हवेच्या वजनांतील फरकाने नवी हवा आत ओढली जाते. हा जोर किती? म्हैसूरच्या विरळ हवेत ६०० अंश तापलेल्या एक मीटर उंच नळीत तो ०.७ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका भरतो. आपली नळी तर त्याच्या निम्म्याहूनही तोकडी. साधी फुंकर याच्या कितीतरी पट जोर लावते. इतक्या नाजूक बळावर सारे यंत्र चालते. तीन मीटर उंचीचे, कौलांच्या वर हातभर निघणारे धुरांडे या बळाची दोन-तीन पटींनी भर घालते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पेटविताना, निखारे विझताना व ओले लाकूड शिरल्यास जे वायू जळत नाहीत त्यांना घराबाहेर नेण्यास दुसरा मार्ग नाही. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन असतो आणि धुमसत्या निखाऱ्यांतून तो निघत राहतो. बंद स्नानगृहात त्याने माणसे दगावतात. म्हणून झरोका उघडा असावा, शक्य तर सरपणाचे तोंडच भिंतीपलीकडे अंगणात काढावे, आणि निखारे असेतोवर धुरांड्याची झडप कधीही लावू नये. हंड्याचे तोंडही घट्ट बंद करू नये. कोंडलेली वाफ तांबेसुद्धा फाडते.

चूल बांधली म्हणजे काम अर्धे झाले. उरलेले अर्धे म्हणजे तिला सूर लावणे, आणि येथेच बहुतेक प्रयत्न फसतात. १९८०च्या दशकात सुरू होऊन २००२ साली थांबलेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. त्यांतील पुष्कळ काही वर्षांत मोडल्या अथवा नुसत्या पडून राहिल्या. बांधताना मापे बदलली, धुरांडी साफ झाली नाहीत, मोठे भांडे बसावे म्हणून तोंड फोडले गेले. याचा दोष गृहिणींना देणारे अहवाल वाचताना आश्चर्य वाटते. ज्या चुलीत आपले भांडे बसत नाही ती बाईने का वापरावी? दोन बोटांच्या फरकाने जे यंत्र बिघडते त्याचे कारण वापरणारीला समजावून देणे हा बांधणीचाच भाग मानावयास हवा होता.

सूर लावताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पहिले काही दिवस बारीक जाळ करून बांधकाम वाळू द्यावे. त्या काळात निघणारी पांढरी वाफ व घाबरवणारे तडे यांना मातीने बुजविणे पुरे. चूल वाळल्यावर सरपणाच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर ओढ ठीक. बाहेर फेकला गेला तर बुडाखालचे अंतर अर्धा सेंटिमीटर वाढवून पुन्हा पाहावे. पावसाळ्याच्या पहाटे गार धुरांड्यात जड हवा साचून ओढ उलटते. तेव्हा धुरांड्याच्या पायथ्याशी ठेवलेल्या खिडकीत कागदाचा बोळा पेटविला की ती सरळ होते. याउलट ओढ फार असली तर झोत जोराने घुमतो, पाणी मात्र रेंगाळते, आणि धुरांड्याच्या नळीला हात लावता येत नाही. अशा वेळी फट कमी करावी किंवा हवेच्या वाटेत अर्धी वीट सरकवावी. हंड्याच्या बुडावरील खूण सर्वांत बोलकी असते. मऊ, जाड, मखमली काजळी म्हणजे ज्वाला भांड्यावर आपटून विझते आहे, किंवा तोंडात लाकडे कोंबली आहेत. चकचकीत काळे डांबर म्हणजे सरपण ओले आहे. बोटाला लागेल न लागेल अशी करडी भुकटी म्हणजे चूल सुरात आली.

डोळ्यांनी हे कळले तरी तराजूवाचून खात्री मानू नये. शाळेच्या विज्ञानमंडळाला साधता येईल अशी चाचणी पुढीलप्रमाणे करावी. ६० लिटर पाणी मोजून भरावे, तापमान नोंदवावे, सरपण तोलून घ्यावे. पाणी ३५ अंशांनी चढले की जाळ काढून उरलेली लाकडे व निखारे पत्र्याने झाकून विझवावे आणि तोलावे. समजा, दीड किलो लाकूड खर्ची पडले आणि १०० ग्रॅम कोळसा उरला. वाळल्या लाकडाचे किलोला ३,६०० व कोळशाचे ७,००० किलोकॅलरी धरल्यास खर्च ५,४०० वजा ७००, म्हणजे ४,७०० झाला आणि पाण्यात उतरले २,१००. कार्यक्षमता ४५ टक्के. याच पाण्याला जुन्या चुलवणात चार किलो लागत असतील तर तेथे ती १५ टक्क्यांच्या आत भरते. चाचणी तीनदा करावी. एकाच दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्यास वारा व पाऊस फसवितात.

धुरांड्याकडे जाणारा मार्ग थोडा लांबवून मातीच्या बुटक्या ओट्यातून नेला तर हंड्याने न घेतलेली उष्णता त्यात मुरते. म्हैसूरला पाऊस जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो आणि त्या दिवसांत कोरडे सरपण हीच मोठी अडचण असते. ओट्यावर उद्याची लाकडे पसरून ठेवावीत, जाळाच्या तोंडापासून मात्र हातभर दूर. ओट्यातील मार्ग फार लांबविल्यास वायू निवून ओढ मंदावते आणि आत पाणी सुटते. पायली दोन पायली मातीच्या लोभाने तो वाढवू नये. दीड मीटर पुरे.

ओट्याच्या दोन्ही टोकांना व धुरांड्याच्या पायथ्याशी विटेने बंद होणारी एकेक खिडकी बांधतानाच ठेवावी. राख बारीक असते, ती झोताबरोबर पुढे जाऊन वळणावर बसते, आणि एक मिलिमीटर पाण्याच्या जोराला तेवढा अडथळा पुरतो. रोज हंडा तापणाऱ्या घरात महिन्यातून एकदा, गार चुलीत, हाताने ही राख काढावी लागते. ती खिडकी विसरलेल्या गवंड्याला ओटा फोडण्याचे कामही त्याच मजुरीत सांगावे.